कळव्याच्या गच्चीवरून खोडदकडे

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीतून नेमकं कसलं संशोधन चालतं, आणि कळव्यात राहून, जिथे रात्री चार तारे दिसायची मारामार, तिथून अकरावीतल्या मुलीला यात काही करता येईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: येईल, आणि गच्चीवरूनच.

रेडिओ दुर्बिणीला शहरातले दिवे आडवे येत नाहीत, भर दुपारीही ती काम करते. तिचं खरं दुखणं म्हणजे मोबाइल टॉवर, वायफाय आणि गाड्यांतल्या ठिणग्यांचा गोंगाट. तो आपल्याकडे भरपूर आहे, पण सूर्य त्याला पुरून उरतो. तुमच्या घरच्या डीटीएचचा सिग्नल मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारच्या सुमारास काही मिनिटं गेल्याचं आठवतंय का? तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे आलेला असतो आणि त्याच्या रेडिओलहरींत उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो.

मी भाचीला हेच करून दाखवलं. जुनी डिश, तिचा एलएनबी (डिशच्या पुढ्यात असतो तो सिग्नल पकडणारा डबा) आणि डिश लावणारे वापरतात तो काट्याचा सॅटेलाइट फाइंडर, बस. रिकाम्या आकाशाकडे डिश धरून काटा मधोमध आणला आणि मग हळूहळू सूर्याकडे वळवली. काटा सरसर चढला. समोरच्या बिल्डिंगकडे वळवली तरी चढला, कारण ऊन खाल्लेली भिंतही रेडिओलहरी सोडते. भाचीने तासभर वहीत आकडे लिहिले. फक्त सूर्य शोधताना त्याच्याकडे डोळे लावू द्यायचे नाहीत, तिथे सावलीवरून अंदाज घ्यायचा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवातही सूर्यापासूनच झाली, आणि तीही आपल्या शेजारी, कल्याणला. तिथले शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ सहा फुटी डिश कल्याणला मांडल्या आणि १९६५ पासून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा अभ्यास केला. पुढे १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण आणि मग खोडदची ही दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. अनेक डिश जोडून एक दुर्बीण करायची, ही कल्याणचीच युक्ती खोडदला आहे. फक्त तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ तीन बाहूंवर, पार २५ किलोमीटरपर्यंत. जवळून पाहिलं तर त्या पत्र्याच्या नसून तारांच्या जाळीच्या आहेत. वीतभर लांबीच्या लहरीला जाळीची बारीक भोकं दिसतच नाहीत, आणि वारा मात्र आरपार जातो.

आता संशोधन. ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेचे शास्त्रज्ञ आणि जगभरचे लोक तिथे पल्सार (ठरावीक लयीत रेडिओलहरी फेकणारे मृत तारे), दीर्घिकांचे समूह, कृष्णविवरांतून निघणारे झोत असं बरंच काही पाहतात. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हायड्रोजनचं काम. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झला लहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेची ही लहर ताणली जाते आणि कमी वारंवारतेला ऐकू येते. एकेका दीर्घिकेचा आवाज इतका क्षीण असतो की गोंगाटातून तो वेगळा काढता येत नाही. म्हणून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ७,६५३ दीर्घिकांचे सिग्नल एकावर एक रचले गेले, तेव्हा ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनची सरासरी खूण हाती लागली. त्या दीर्घिका या हायड्रोजनपासून तारे इतक्या झपाट्याने घडवत होत्या की तो साठा १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. नंतर तारे जन्मायचा वेग का मंदावला, याचं एक कारण त्यातून कळतं.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला लोकांना आत सोडतात. कल्याणहून मुरबाड, माळशेज, आळेफाटा करत नारायणगाव गाठायचं, तिथून खोडद. मुलीला तिची वही घेऊन न्या. डिश दिसू लागल्या की सगळ्यांनी फोन बंद करा, नुसते सायलेंट नाही.