तज्ज्ञांचं ऐकायचं कशाच्या जोरावर?

तुमचा प्रश्न असा आहे: लोकशाहीत प्रत्येकाला एकच मत, मग तज्ज्ञांच्या शब्दाला जास्त वजन का, आणि लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास का उडतोय? मी कोल्हापूरचा, त्यामुळे पुरावरूनच बोलतो.

पावसाळ्यात इथं कुणीही भेटला की पहिला प्रश्न, "पाणी किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हा आकडा सरकारी माणूसच सांगतो, तरी त्यावर कुणी शंका घेत नाही. कारण आकडा वाढला की गंगावेशीकडं जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघता येतं. खोटं सांगितलं तर तासाभरात पकडलं जाईल. लोकांना विज्ञानाचं वावडं आहे म्हणणाऱ्यांनी जुलैत एकदा इकडं यावं.

लोकांचं शहाणपणही दरवेळी पुरं पडतं असं नाही. २०१९ ला नदीकाठचे कितीतरी जण "२००५ ला इथवर पाणी आलं नव्हतं" म्हणून घरातच थांबले. पाणी ५५ फुटांवर गेलं आणि त्यांना बोटीतून काढावं लागलं. २०२१ ला ते ५६ च्या वर गेलं.

आता दुसरी बाजू. २०१९ नंतर पुराची कारणं शोधायला सरकारनं वडनेरे समिती नेमली. तिनं कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळं, म्हणजे धरणात अडलेलं पाणी मागं चढल्यामुळं, हा पूर आला नाही असा निष्कर्ष काढला. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांकडं बोट दाखवलं. इथं अनेकांना ते आजही पटलेलं नाही. पुढं २०२५ मध्ये अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४ मीटरच्या वर न्यायला महाराष्ट्र सरकारनंच विरोध केला, तोही कोल्हापूर-सांगलीच्या पुराचं कारण देऊन. आजच्या उंचीनं पूर आला नाही आणि वाढीव उंचीनं धोका वाढेल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण चौकातल्या माणसाला हे कुणी उलगडून सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. त्याला एवढंच दिसतं की अहवाल सोयीचा असला की बाहेर निघतो, नसला की कपाटात. हा राग खरा राज्यकर्त्यांवरचा, पण खापर फुटतं तज्ज्ञांच्या डोक्यावर.

म्हणून मला तरी वजनाचा वाद चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. किती पाऊस पडला तर पाणी कुठवर चढेल, हे जलतज्ज्ञानं सांगावं. तिथं हात वर करून मतदान घेण्यात अर्थ नाही. पण पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी जिथवर येतं त्या आखलेल्या हद्दीच्या, आतलं बांधकाम थांबवायचं का, तिथं ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून प्लॉट घेतलाय त्यांना भरपाई द्यायची का, ती कुणाच्या पैशातून, हे प्रश्न नदीशास्त्राचे नाहीत. ते नगरसेवकांनी, आमदारांनी उघड सभेत, आपल्या नावानिशी सोडवायचे. आपल्याकडं उलटं होतं. अवघड निर्णय आला की "समिती नेमलीय" म्हणून मोकळे, आणि पूररेषा कुठून जाणार यावर मात्र बिल्डरपासून कार्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांचं मत तयार!

तज्ज्ञांकडूनही एक अपेक्षा आहे. निष्कर्षाबरोबर तो कोणत्या आकड्यांवरून काढला, कुठं अंदाज बांधला, हे मराठीत, सगळ्यांना बघता येईल असं मांडा. नदीकाठच्या शिरोळच्या शेतकऱ्याला कुठल्या तारखेला धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडलं हे तोंडपाठ असतं. तो तुमचा तक्ता वाचेल, आणि चूक असली तर काढूनही दाखवेल.