बोटीच्या दोन फ्रेममधल्या अरुंद जागेत भोकं पाडायला कोणतं अँगल ड्रिल घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बोट देवगडला वर ओढून ठेवलीय, केबिनखालून लाइटची वायर न्यायचीय, दोन फ्रेमच्या, म्हणजे बोटीच्या फासळ्यांच्या, मध्ये जागा जेमतेम साडेसहा इंच आणि घरचं ड्रिल तिथे मावत नाही. दुकानदार वॅट नि टॉर्कचे आकडे सांगतोय. ते राहू द्या. तुमच्या कामाचा आकडा म्हणजे अँगल ड्रिलच्या काटकोनात वळलेल्या डोक्याच्या पाठीपासून चकच्या, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्याच्या, तोंडापर्यंतचं अंतर. टेप घेऊनच दुकानात जा आणि बिट लावून मोजा.

कारण खरी गोम बिटातच आहे. साडेसहा इंच म्हणजे 165 एमएम. समजा डोकं 95 एमएमचं आहे. नेहमीचं 6 एमएमचं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) बिट 93 एमएम लांब असतं. चकमध्ये बावीसेक गेलं तरी बाहेर 71 उरतं. बेरीज 166, म्हणजे एका एमएमने अडलात! त्याच जाडीचं आखूड, म्हणजे 'स्टब' बिट 66 एमएमचं असतं, ते आरामात बसतं. पण त्याचे आटे, म्हणजे भुसा बाहेर काढणाऱ्या पिळाच्या खाचा, जेमतेम 28 एमएम, आणि फ्रेम दोन इंची असेल तर ते आरपार जाणार नाही. मग आधी स्टबने 28 एमएमपर्यंत भोक पाडायचं, नंतर लांब बिट हातानेच त्या भोकात सरकवायचं आणि त्याच्या शेपटावर चक चढवून आवळायचा. 28 आत गेलं की बाहेर 65, अधिक डोकं 95, म्हणजे 160. बसलं की नाही?

वर्षातून चारच भोकं पाडायची असतील तर घरच्याच ड्रिलला लावायचं काटकोनी अटॅचमेंट पुरे. त्यात बहुतेक षटकोनी शेपटाची बिटं लागतात, आणि फणसासारख्या लाकडात मोठं भोक पाडताना ते कुरकुरतं. पण 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत दरवर्षी डागडुजी काढणार असाल तर स्वतंत्र मशीनच घ्या.

तेही बॅटरीचं. पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि ओल्या बोटीत 230 व्होल्टची वायर मला तरी नको वाटते. 10.8 आणि '12 व्होल्ट मॅक्स' एकच, तीन सेलची बॅटरी. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. मकिता आणि बॉश दोघांचीही या वर्गात अँगल ड्रिल आहेत. ज्याची बॅटरी घरात आहे, त्याचं घ्या.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. बिट अडकलं की हे मशीन हातात गोल फिरत नाही, दांडा आडवा झटका देतो आणि बोटं फ्रेमवर आपटतात. मूठ कुठे जाणार ते आधी बघूनच स्विच दाबा.

आणि बोटीत स्टोव्हचा सिलिंडर असेल तर तो आधी बाहेर काढा, तळ उघडा करून वारा खेळू द्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशीच साचतो. मोटरची किंवा स्विचची एक ठिणगी त्याला पुरते. मशीन ब्रशलेस, म्हणजे मोटरीत ठिणग्या पाडणारे कार्बन ब्रश नसलेलं, असलं तरी भरवसा ठेवू नका.

काम झालं की चक पुसून तेलाचा हलका हात फिरवा आणि मशीन घरी आणा. बोटीवर ठेवलंत तर खारी हवा आधी चकचे जबडे धरते, मग बॅटरीचे पॉइंट.