घर थंड करायचं की झोपायची खोली?

सर, नमस्कार.

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचकांनाही कळेल. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन तुम्ही आणि काकू गुहागरजवळच्या गावच्या घरी कायमचे राहायला आलात. घर जुनं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. उकाडा सोसत नाही. एसीवाल्याने अख्ख्या घरासाठी साडेपाच टनांची डक्टवाली यंत्रणा सुचवली आहे. साधी 5 लाख 10 हजारांना, आणि झोनिंगसह, म्हणजे प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं ठेवता येईल अशी, 6 लाख 20 हजारांना. साडेसहा लाखांच्या एफडीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे, ती यात घालावी का, असा तुमचा प्रश्न.

घालू नका. मात्र एसीवाला तुम्हाला फसवतोय असंही समजू नका. झोनिंगबद्दल त्याने जे सांगितलं ते बहुतेक खरं आहे.

डक्टच्या यंत्रणेत एकच मोठं यंत्र थंड हवा तयार करतं आणि छतातल्या पत्र्याच्या बोगद्यांतून ती खोल्याखोल्यांत सोडतं. साध्या प्रकारात सगळीकडे एकदम हवा जाते. झोपलेले दोघंच असले तरी ओटी, माजघर, देवघर सगळं गार. झोनिंगमध्ये प्रत्येक फाट्यावर एक झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात. खोलीतल्या थर्मोस्टॅटने सांगितलं की ती उघडते किंवा मिटते. जिथे माणूस तिथेच गारवा, यंत्रावर ताण कमी, वीज कमी.

आता हिशेब. मार्चअखेर ते जूनचा पहिला आठवडा आणि वर ऑक्टोबर, अशा धरून 110 रात्री, रोज आठ तास. साधी यंत्रणा तासाला 3 युनिट खाईल, एकच झोन उघडा असेल तर 1.1, आणि झोपायच्या खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, म्हणजे एका खोलीपुरता भिंतीवरचा एसी, असेल तर 0.6. हे माझे अंदाज आहेत, पण तिन्हींना एकच फूटपट्टी लावली आहे. युनिट होतात अनुक्रमे 2640, 968 आणि 528.

खरी गंमत वीजबिलाच्या टप्प्यांत आहे. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात आणि दर टप्प्याला भाव चढतो. वर 16 टक्के वीज शुल्क. तुमचं आजचं बिल महिन्याला 110 युनिटच्या आसपास आहे. चार महिन्यांत वाटले तर त्यावर स्प्लिटचे महिन्याला 132 येतात, तरी तुम्ही 300 च्या आतच. अख्खं घर गार केलंत तर 660 वाढतात आणि शेवटचे पावणेतीनशे युनिट सर्वांत महाग टप्प्यात जातात. हिशेबापुरते मी तीन वरच्या टप्प्यांना शुल्कासह 13, 17 आणि 19 रुपये धरलेत. तुमच्या बिलावरचे आकडे घालून पाहा. चार महिन्यांचा जादा खर्च साध्या डक्टला 44,000, झोनवाल्या डक्टला 13,400 आणि एका खोलीच्या स्प्लिटला साधारण 6,900 रुपये.

म्हणजे झोनिंगचे जादा 1 लाख 10 हजार वर्षाला 30,600 वाचवून चार वर्षांच्या आत वसूल होतात. एसीवाल्याने कागदावर हेच दाखवलंय आणि ते बरोबर आहे. फक्त त्याने तुलना डक्टची डक्टशी केली. तुमच्या घराला झोन आधीपासूनच आहेत, सर. त्यांना दारं म्हणतात. मधलं दार ओढून घेतलं की झाला झोन, त्याला डॅम्पर नको की कंट्रोल पॅनेल नको.

मी सुचवतो ते असं. दोन खोल्यांत एकेक टनाचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट, एक तुमच्या खोलीत, एक मुलगा मे महिन्यात येतो त्या खोलीत. स्टॅबिलायझर, वेगळी वायर, तांब्याची पाइप, स्टँड धरून लाखभर. आणखी 30,000 तुमच्या खोलीला कौलांखाली छत घालून फटी बुजवायला, हा खर्च टाळू नका. कौलारू घरात भिंत आणि कौलं यांच्यामध्ये फट असते, वारा खेळायला तीच तर ठेवलेली. एसी लावलात तर गारवा त्याच फटीतून कौलांत जाईल आणि यंत्र रात्रभर धापा टाकत राहील. आधी छत आणि फटी, मग एसी. मुलाची खोली माळ्याखालची आहे असं तुम्ही लिहिलंय, तिथे लाकडी तक्तपोशी असल्याने हे काम लागणार नाही.

एकूण 1 लाख 30 हजार. झोनवाल्या डक्टपेक्षा 4 लाख 90 हजार कमी. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. तुमच्या त्या खात्यात 18 लाख आहेत आणि मर्यादा 30 लाखांची, म्हणजे जागा आहे. 8.2 टक्क्यांनी वर्षाला 40,180 रुपये, तिमाहीला 10,045. एसीचं सगळं बिल भरून उरलेल्या पैशात आंब्यांची पेटी पुण्याला पाठवा. एफडीतले उरलेले 30 हजार बचत खात्यात राहू द्या.

पैशांपलीकडची तीन कारणं, तीही कोकणातली.

पहिलं, दमटपणा. आपल्याकडे उकाडा पाऱ्यापेक्षा घामाचा. मोठं यंत्र लहान जागेसाठी चालवलं की ते पटकन गार करून थांबतं, हवेतलं पाणी ओढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट. शिवाय छतातल्या डक्टमध्ये चार महिन्यांच्या पावसात बुरशी धरते आणि उंदरांना बंद, सामसूम रस्ता मिळतो. साफसफाई करायला माणूस चिपळूणहून येणार.

दुसरं, खारा वारा. रत्नागिरीत आमच्या आईच्या खोलीचं आउटडोअर युनिट मी हौसेने समुद्राकडच्या भिंतीला लावलं, कारण तिकडून ते अंगणातून दिसत नव्हतं. चौथ्या वर्षी मेकॅनिकने जाळीवर बोट फिरवलं, तर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या पापडासारख्या चुरल्या. गॅस कधीचाच गेला होता. वॉरंटीच्या कागदात गंज वगळलेला होता आणि तो कागद मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. तेव्हा तुमचं युनिट डोंगराकडच्या बाजूला, वळचणीखाली, पण पागोळ्या अंगावर पडणार नाहीत असं लावा. हंगाम संपला की गोड्या पाण्याने धुवा. आणि एवढं करूनही पुण्यात टिकेल तेवढं ते इथे टिकणार नाही, हे धरून दरमहा 1,000 रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा. लाखाच्या दोन स्प्लिटपैकी एक गेला तर तेवढाच बदलता येतो. सहा लाखांचं गेलं तर?

तिसरं त्यातूनच येतं. डक्टची यंत्रणा बंद पडली की अख्खं घर बंद. दोन स्प्लिटपैकी एक बिघडला तर दुसऱ्या खोलीत गाद्या टाकता येतात. साडेपाच टनांसाठी थ्री फेज जोडणी आणि मंजूर भार वाढवणं आलं, ते कोटेशनमध्ये दिसत नाही. निसर्ग वादळानंतर 2020 मध्ये दापोली-मंडणगडकडे किती गावं किती दिवस अंधारात होती ते तुम्ही पाहिलंच असेल. यंत्रणा जितकी साधी तितकी नंतर लवकर उभी राहते.

गणपतीत पंधरा माणसं असतात, तेव्हा काय, असं तुम्ही विचारलंय. भाद्रपदात आरतीला सगळी दारं सताड उघडी. तेव्हा एसी लावणं म्हणजे खळ्यातला पाऊस गार करणं. पंखे पुरतात. होम-स्टेचा विचार पुढे झालाच, तर तेव्हाही पाहुण्यांच्या खोलीला वेगळा स्प्लिटच बरा. एका खोलीची तक्रार दुसऱ्या खोलीत जात नाही.

हीटिंगसाठी त्याने 18,000 जादा लावलेत ते आधी खोडायला सांगा. गुहागरात जानेवारीत पहाटे शाल पुरते.

शेवटचा तुमचा मुद्दा, तुम्हाला 23 लागतं आणि काकूंना 27. झोनिंग खोल्या वेगळ्या करतं, पलंगाच्या दोन बाजू नाही. 26 वर ठेवून तुमच्या बाजूला पंखा लावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर नेला की साधारण 6 टक्के वीज वाचते, आणि काकूंचा गुडघाही दुखणार नाही.

पोस्टात जाल तेव्हा बचत योजनेचं हे नवं खातं काकूंबरोबर संयुक्त काढा. या योजनेत जोडीदारालाच घेता येतं. एसीचे 1 लाख 30 हजार मात्र त्यात चुकूनही टाकू नका. वर्षाच्या आत मोडलंत तर व्याज मिळत नाही, आणि छतवाला सुतार एप्रिलच्या आत पैसे मागणार.