ड्रायव्हर मारला की डावा गुडघा दुखतो

प्रश्न : वय ५४. उजव्या हाताने गोल्फ खेळतो, दर रविवारी अठरा होल. तीन महिन्यांपासून डावा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, ड्रायव्हर (लांब फटक्याची गोल्फची काठी) मारला की जास्तच. रोज सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर चालतो, तिथे त्रास नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना मात्र गुडघा डळमळतो. नी-कॅप लावून खेळू का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : नी-कॅपने ऊब मिळते, धीर येतो, पीळ मात्र थांबत नाही. आणि तुमचं दुखणं पिळाचंच दिसतं. सपाट ट्रॅकवर गुडघ्याला नुसतं वाकायचं आणि सरळ व्हायचं असतं. डाउनस्विंगमध्ये, म्हणजे काठी वरून चेंडूकडे आणताना, वजन डाव्या पायावर येतं, कंबर झपकन डावीकडे फिरते आणि पाऊल स्पाइक्समुळे (बुटांच्या तळाच्या खिळ्यांमुळे) जागीच रुतलेलं असतं. हे फिरणं खुब्याने घ्यायचं. तो आखडलेला असला की मांडीचं हाड नडगीवर पिळतं आणि मधल्या गादीवर ताण येतो.

खुबा घरीच तपासा. खुर्चीच्या काठावर बसा, गुडघे जुळवून ठेवा आणि दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला न्या. डावं पाऊल कमी गेलं, तर खुबा आखडलाय. हीच हालचाल सावकाश १० वेळा, दिवसातून दोनदा करा.

आता पाऊल. चेंडूसमोर उभं राहिल्यावर डावा पंजा घड्याळातल्या १२ कडे असतो. तो जवळजवळ ११ कडे वळवा. स्विंग संपताना पाऊल फिरू द्या. बॅकस्विंग (काठी मागे वर नेणं) जरा तोकडा वाटेल, डावी टाच किंचित उचललीत की जमेल. बुटांना मऊ स्पाइक्स लावा. दोन-तीन आठवडे ड्रायव्हर बॅगेतच राहू दे. पटिंग (चेंडू होलकडे घरंगळवणं), छोटे चिप (जवळचे हलके फटके) चालतील.

डळमळण्यावर उपाय ताकदीचा, आणि नेमका हाच भाग लोक टाळतात. कठड्याजवळ १५ सेंमी उंचीच्या पायरीवर डाव्या पायावर उभे राहा. तीन आकडे मोजत उजवी टाच खाली टेकवा, वर या. समोर आरसा हवाच. गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे. बहुतेकांची ती आत, अंगठ्याकडे कलते. कलली, तर १० सेंमीची पायरी घ्या. ८ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. जोडीला उजव्या कुशीवर झोपून डावा पाय सरळ वर उचला, १५ वेळा. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू वाटीला आत जाऊ देत नाही. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमायला हवं. फरक जाणवायला सहा-आठ आठवडे लागतात.

गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा खरोखरच लटपटून तुम्ही खाली बसलात, तर व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पांडवलेणी तूर्त नकोच. जावंच लागलं, तर उतरताना काठी उजव्या हातात आणि डावा पाय आधी खाली.