झिलियनवर शून्यं किती?

प्रश्न असा आहे : इंग्रजीतला 'झिलियन' म्हणजे नेमका किती, तो ट्रिलियनच्या पुढे येतो का, आणि 'कितीतरी' या अर्थाचा 'अम्टीन' त्याच कुळातला का?

झिलियनवर शून्यं नाहीतच. तो आकडा नव्हे, आकड्याचं सोंग. जिलियन, गझिलियन, बझिलियन, स्क्विलियन हीही तीच मंडळी. स्क्विलियन ब्रिटिशांच्या तोंडी जास्त, गझिलियन अमेरिकनांच्या. गझिलियन म्हणणाऱ्याचा आवाज जरा जास्त चढलेला असतो, बाकी लहानमोठं काही नाही. (गूगोल मात्र यांच्यात धरू नका, तो १ वर १०० शून्यं, असा चोख आकडा आहे.)

सोंग वठतं ते 'इलियन' या शेपटीमुळे, आणि गंमत म्हणजे ती मुळात शेपटी नव्हतीच. इटालियनमध्ये 'मिल्ले' म्हणजे हजार. त्याला थोरपणा दाखवणारा '-ओने' लागून 'मिलिओने' झाला, म्हणजे थोरला हजार. फोड करायचीच तर 'मिल' आणि 'इयन' अशी हवी. पण पंधराव्या शतकात फ्रेंच गणितींनी पुढचा 'म' उडवून तिथे लॅटिन उपसर्ग बसवले : बिलियन, ट्रिलियन. निकोला श्यूकेच्या १४८४च्या हस्तलिखितात ही माळ नॉनिलियनपर्यंत पोचते. शेपटी अशी सुटी झाल्यावर तिच्यापुढे काय लावायचं यावर कोणाचा धरबंध राहणार! गणितींनी 'ट्राय' लावला, विसाव्या शतकातल्या बोलीने 'झ' लावला.

तसं पाहिलं तर खरे आकडेही फार स्थिर नाहीत. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं असत. १९७४ साली सरकारने अमेरिकन रिवाज उचलला आणि त्यातली तीन गेली.

अम्टीनचं कूळ निराळं. मोर्स संकेतांतल्या आडव्या रेघेला तारवाले 'अम्टी' म्हणत. ते ट्वेंटी-थर्टीसारखं कानाला लागलं म्हणून 'अमुक इतके' या अर्थी वापरात आलं, आणि फिफ्टीन-सिक्स्टीनच्या चालीवर अम्टीन झालं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांनी ते रुळवलं.

म्हणूनच दोघांचं व्याकरण वेगळं. मिलियनसारखं 'अ झिलियन टाइम्स'. पण फिफ्टीनसारखं नुसतं 'अम्टीन टाइम्स'. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'अम्टीन नंबर ऑफ टाइम्स' म्हणजे 'फिफ्टीन नंबर ऑफ टाइम्स' म्हणण्यासारखं आहे. खटकायला हवं.

अम्टीनमध्ये वैतागही असतो. आपण त्यासाठी खोटा आकडा घडवत नाही, खऱ्यालाच राबवतो : 'सतरा वेळा सांगितलं', 'असले छप्पन पाहिलेत', 'सतराशे साठ भानगडी'. भाषांतरात अम्टीनला 'सतरा वेळा' चपखल बसतो. झिलियनला प्रसंग पाहून 'सतराशे साठ' किंवा सरळ 'ढीगभर' चालेल. 'अब्जावधी' मात्र नको. वाचणारा खरोखरच शून्यं मोजायला बसतो.