उंचावरच्या पाणथळ मातीतून निघणारा मिथेन मोजायला मैदानातली चेंबर-पद्धत चालते का?

तुमचा प्रश्न ४,५०० मीटर उंचीवरच्या पाणथळ जागेचा आहे. चेंबर-पद्धत म्हणजे मातीवर बंद डबा (चेंबर) ठेवून आतला वायू किती वेगानं वाढतो ते मोजणं. तिथं उपकरणं तीच चालतात, आकडेमोड मात्र तशीच ठेवली तर चुकते.

कारण हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कल असतो, तुमच्या जागी ५८ च्या आसपास. गॅस क्रोमॅटोग्राफ (नमुन्यातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) पीपीएम सांगतो, म्हणजे दहा लाख रेणूंत मिथेनचे किती. पण चेंबरमधल्या त्याच घनफळात मुळात रेणूच कमी आहेत. समजा, चेंबरची उंची ३० सेंमी, तापमान १० अंश आणि मिथेन मिनिटाला ०.१ पीपीएमनं वाढतोय. खरा दाब घातला तर उत्सर्जन ताशी चौरस मीटरला ०.७१ मिलिग्रॅम येतं. समुद्रसपाटीचा दाब घातला तर १.२४. सरळ पावणेदोन पट! तयार एक्सेल शीटमध्ये हा १०१.३ बहुतेक वेळा आधीच टाकलेला असतो, तो शोधून काढा. दाब उंचीवरून काढण्यापेक्षा दाबमापक सोबत ठेवून प्रत्येक वेळी नोंदवलेला बरा.

हाच दाब नमुन्याच्या बाटल्यांतही घोळ करतो. १२ मिली निर्वात बाटलीत २० मिली हवा भरायची ही मैदानातली सवय. पण ५८ किलोपास्कलची २० मिली हवा बाटलीत जाऊन जेमतेम ९७ किलोपास्कल होते. डोंगरावर बाटली भरलेली वाटते, खाली प्रयोगशाळेत आणली की बाहेरचा दाब जास्त, आणि बुचातून बाहेरची हवा हळूहळू आत शिरते. म्हणून २५ ते ३० मिली भरा. शिवाय काही बाटल्या तिथंच प्रमाणित वायूनं (ज्यातलं मिथेनचं प्रमाण आधीच माहीत आहे अशा) भरून बाकीच्यांबरोबर परत आणा. गळती झाली असेल तर त्यांच्यातून कळते.

कॉलर (चेंबर ज्यावर बसतं ते मातीत रोवलेलं कडं) ८-१० सेंमी खोल आणि शक्य तर काही आठवडे आधी बसवा, कारण ताज्या तुटलेल्या मुळांमुळे कार्बन डायऑक्साइड काही काळ वाढीव येतो. कॉलरच्या खाचेत पाणी भरून सील करत असाल तर पहाटे ते गोठतं. रबरी गॅस्केट आणि क्लॅम्प जास्त भरवशाचे. मातीवर पाणी उभं असेल तर त्याची खोली चेंबरच्या उंचीतून वजा करा. चेंबर बंद केल्यावर ०, १०, २०, ३० मिनिटांनी नमुने घ्या. उंचावरचं ऊन कडक असतं, तेव्हा अपारदर्शक चेंबरला वरून परावर्तक आवरण हवंच. अशा चेंबरमधून मिळणारा कार्बन डायऑक्साइड म्हणजे माती आणि झाडोऱ्याचं एकत्रित श्वसन. त्याला निव्वळ देवाणघेवाण (श्वसन वजा प्रकाशसंश्लेषण) समजू नका.

झाडोरा कापायचा मोह टाळा. पाणथळीतल्या सेजच्या (गवतासारख्या वनस्पतीच्या) पोकळ देठांतून मिथेन नळीतून यावा तसा वर येतो आणि वरच्या ऑक्सिजनयुक्त थरातल्या मिथेनखाऊ जिवाणूंना चुकवतो. झाडोरा न कापता आत मावेल एवढं उंच चेंबर घ्या.

चालताना फळ्या टाकूनच चाला. पाय दाबला की बुडबुडे सुटतात. हवेत मिथेन २ पीपीएमच्या जरा खालीच असतो, त्यामुळे शून्य मिनिटाचाच नमुना त्याच्या कितीतरी वर आला तर ते मोजमाप टाकून द्या. मधेच एकदम उडी आली तर तो नैसर्गिक बुडबुडा असू शकतो. आर-वर्ग (नमुन्यांचे आकडे सरळ रेषेत किती बसतात त्याचं माप) ०.९ पेक्षा कमी म्हणून सरसकट गाळणी लावली तर बुडबुडे जातात आणि सरासरी घटते. शिवाय उत्सर्जन जवळपास शून्य असलेल्या जागाही जातात, त्यानं ती वाढते. दोन्ही चुका एकमेकींना फेडतील असं मुळीच समजू नका.

प्रत्येक मोजमापासोबत पाण्याची पातळी आणि ५ सेंमी खोलीचं मातीचं तापमान लिहा. फक्त उन्हाळ्यातल्या दुपारचे आकडे वर्षभराला गुणू नका. बर्फ वितळताना आणि माती पुन्हा गोठताना साठलेला वायू झटक्यानं सुटू शकतो, आणि नायट्रस ऑक्साइडचेही उमाळे याच काळात येतात. एरवी सतत पाण्याखालच्या मातीत तो फारसा निघत नाही, कारण विनायट्रीकरण (जिवाणूंकडून नायट्रेटचं वायूत रूपांतर) थेट नायट्रोजनपर्यंत जातं. पण जागेचा निचरा झालेला असेल किंवा जनावरं चरत असतील तर त्याच बाटल्यांतून नायट्रस ऑक्साइडही तपासून घ्या: शंभर वर्षांच्या हिशेबात किलोमागे त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे, मिथेनचा साधारण २७ पट.