रूमी दरवाजा, चुना आणि गावची वेस

प्रश्न : लखनौच्या रूमी दरवाज्याची दुरुस्ती सिमेंट टाळून चुन्यात केल्याचे समजले. आमच्या गावच्या वेशीची कमानही विटा आणि चुन्याची आहे. चार वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने तिच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या. ते सिमेंट शाबूत आहे, मात्र विटांचे पापुद्रे सुटत आहेत. सिमेंट अधिक मजबूत असूनही असे का होते, आणि आता काय करावे?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : सिमेंट विटेपेक्षा मजबूत आणि घट्ट आहे, हेच या नुकसानीचे कारण आहे. नवाब असफउद्दौलाने १७८४ साली, दुष्काळात लोकांना काम मिळावे या हेतूने चाललेल्या बांधकामांमध्ये, सुमारे ६० फूट उंचीचा रूमी दरवाजा उभारला, तेव्हा पोर्टलंड सिमेंटचे पेटंट निघायला अजून ४० वर्षे होती. तिथल्या पातळ लखौरी विटा आणि चुना एकमेकांना साजेसे आहेत : वीट पाणी शोषते आणि ते पाणी दरजेतल्या चुन्यातून बाहेर पडून सुकते. दरज सिमेंटने बंद झाली की पाण्याला विटेतूनच वाट काढावी लागते. त्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागाआड साठून त्यांचे स्फटिक होतात आणि ते विटेचा पापुद्रा ढकलून पाडतात. आपल्या वेशीवर नेमके हेच घडत आहे, आणि ते पाहून मनाला यातना होतात.

चुन्याचे काम वेळ मागते. कळीचा चुना पाण्यात टाकताच उकळू लागतो; तो पाण्याखाली काही आठवडे मुरू दिला की लोण्यासारखा मऊ होतो. त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून चुन्याच्या घाण्यात मळतात; सुरखीमुळे तो ओलसर जागीही धरतो. लखनौच्या कामात बेलाचा गर, उडीद आणि गूळही वापरतात. मात्र मुरवण न केलेला चुना गुळाने सुधारत नाही, हे गवंड्याला आधीच सांगावे.

प्रथम जुन्या चुन्याचा एक खडा सौम्य आम्लात टाकून पाहा : चुना फसफसून विरघळेल आणि तळाशी वाळू-सुरखी उरेल, त्यावरून मूळ मिश्रणाचा अंदाज येतो. सिमेंट छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने काढावे, यंत्र लावू नये. जिथे ते विटेची कड घेऊन निघते तिथे ते तसेच राहू द्यावे. वेस संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागेल. मोकळ्या झालेल्या दरजा चुन्याने भरून त्यांवर ओले गोणपाट टांगून त्यांना कडक उन्हापासून जपावे. सुरुवातीला खालच्या बाजूला हातभर जागेत नमुना करा, त्यावरून एक पावसाळा जाऊ द्या आणि मगच कमानीच्या माथ्याला हात लावा.